पेटी, तबला, ऑक्टोपॅड : झाडीपट्टीच्या वादकसंचाविषयी

दसरा आटोपला की लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरी, बारव्हा, मासळ, विरली अशा गावांतून चार-पाच जण वडशाच्या रस्त्याला लागतात. त्यांत मंडळाचा अध्यक्ष असतो, दोन नाटकवेडी पोरे असतात आणि पैशाचा हिशोब चोख ठेवणारा एखादा काका हमखास असतो. खिशात इसाराची रक्कम, डोक्यात गावाने ठरवलेली तारीख. नाटक ठरवायला ही मंडळी नाट्यगृहात जात नाहीत, ती ‘प्रेस’मध्ये जातात. वडशात, म्हणजे सरकारी कागदावरच्या देसाईगंजात, नाटकांची पोस्टरे छापणाऱ्या छापखान्यांच्या आधारानेच नाट्य कंपन्यांचा कारभार वाढला. तिथे बोलणी सुरू होतात. नाटक नवीन आहे का? नायक कोण? विनोदी पात्र कोण करतो? नर्तकी कोण येणार? भाव खाली-वर होतो, चहा होतो. आणि जाणता माणूस उठता उठता विचारतो, ‘संगीताला कोण बसणार?’

हे पुस्तक त्या शेवटच्या प्रश्नाविषयी आहे.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या झाडीपट्टी रंगभूमीवर आजवर जे लिहिले गेले ते बहुतेक नट, लेखक आणि कंपनीचालक यांच्याविषयी. रंगमंचाच्या पायथ्याशी रात्रभर बसलेले तीन-चार वादक त्या लिखाणात क्वचितच दिसतात. तरुण पोरांनी एकत्र यावे, वाद्ये जमवावीत, गाणी बसवावीत आणि लोकांनी तिकीट काढून ती ऐकायला यावे, ही गोष्ट सांगायची म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर शहर येते. पुण्याचा ‘अग्नी’ हा बँड २००७ च्या पहिल्या अल्बमने देशभर पोहोचला. मुंबईच्या ‘अभंग रिपोस्ट’ने तुकोबा-ज्ञानोबांचे अभंग गिटार आणि ड्रम्सवर वाजवून कॉलेजातल्या पोरांना डोलायला लावले. या यशाचे मला कौतुकच आहे. पण हंगामभर, रात्रीमागून रात्र, खेड्यातल्या माणसाने स्वतःच्या खिशातून पैसे मोजून ऐकलेले जिवंत संगीत म्हटले, तर तमाशाचे फड वगळता महाराष्ट्रात झाडीपट्टीच्या तोडीचा दुसरा बाजार मला ठाऊक नाही. आणि तो बाजार कुठल्या ध्वनिमुद्रण कंपनीने, वाहिनीने किंवा सरकारी योजनेने उभा केलेला नाही.

तो इथेच का उभा राहिला, याचे पहिले उत्तर नकाशात आहे. भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला लाखांदूर. पूर्वेला गोंदिया जिल्ह्यातली अर्जुनी मोरगाव, दक्षिणेला गडचिरोलीतले वडसा, वैनगंगेपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातली ब्रह्मपुरी. चार जिल्ह्यांच्या सीमा इतक्या जवळ येतात की एका संध्याकाळी निघालेली गाडी चारांपैकी कुठल्याही जिल्ह्यातल्या मंडपात वेळेवर पोहोचते. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला, गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यापासून. कागदावर रेषा ओढल्या गेल्या, पण सोयरीक, बोली आणि नाटक यांनी त्या कधी मानल्या नाहीत. गोंदिया–बल्लारशा रेल्वेमार्ग वडशावरून जातो. अनेक दशके गडचिरोली जिल्ह्याला रेल्वे म्हणजे वडसाच. नागपूरकडून येणारा नट, गोंदियाकडून येणारी गायिका, चंद्रपूरकडून येणारा तबलजी या सगळ्यांना सोयीचे ठिकाण तेच. म्हणून कंपन्या तिथे जमल्या. त्यांची संख्या आज पन्नासच्या आसपास सांगितली जाते.

दुसरे उत्तर धानात आहे. हलका धान दिवाळीच्या सुमारास निघतो, भारी धान त्यामागून. इटियाडोहच्या कालव्याखालची बांधी असो की बोडीच्या पाण्यावरची, वर्षाचा मोठा पैसा घरात येतो तो याच दिवसांत. भाऊबीजेपासून गावोगावी मंडईचे मेळे सुरू होतात, मग शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, मग जत्रा. होळीच्या आगेमागे हंगाम उतरणीला लागतो. नाटक या सगळ्यांना बांधलेले आहे. पट असला की पटाच्या रात्री नाटक, मंडई असली की मंडईच्या रात्री नाटक. गावात नाटक आहे म्हटल्यावर लेकी माहेरी येतात, जावई येतात, दूरचे पाहुणे येतात, आणि रात्रीच्या गर्दीत पोरगा-पोरगी दाखवण्याचे कार्यक्रमही उरकतात. कितीतरी लग्ने अशीच नाटकाच्या निमित्ताने ठरली आहेत. घरात पाहुणे असल्यावर तिकिटाला नाही म्हणता येत नाही. धानाचे चुकारे लांबले तर मात्र बुकिंग ढिले पडते. आधारभूत केंद्रावरचा पैसा आणि वडशातली तारीख यांचे नाते कंपनीचालकांना पाठ असते.

इतिहासाकडे वळताना थोडे सावकाश जायला हवे, कारण इथेच एक मोठा गैरसमज आहे. झाडीपट्टीचे नाटक म्हणजे मुंबई-पुण्याच्या नाटकाची उशिरा आलेली खेडवळ नक्कल, असे मानणारे पुष्कळ आहेत. तसे नाही. या भागात दंडार होती, खडी गंमत होती. दंडारीत गावातलेच पुरुष सोंगे घेत, गात, नाचत. खडी गंमतीत शाहीर उभ्याने गाई, ढोलकी कडाडे आणि नाच्या पोऱ्या लोकांना खिळवून ठेवी. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि तिच्यातल्या लोककला यांच्यासाठी जे आयुष्यभराचे काम केले, त्याच्यामुळे हा ठेवा आज कागदावर तरी आहे. या पायावर संगीत नाटक आले. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात रंगमंचावर आले आणि पुढची पन्नास वर्षे मराठी मुलूख नाट्यपदांनी भारून गेला. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा चित्रपट बोलू-गाऊ लागला आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या फिरत्या नाटक कंपन्यांचे दिवस भरत आले. पडदे विकले गेले, ऑर्गन धूळ खात पडले.

झाडीत मात्र ते घडले नाही. इथल्या गावांना चित्रपटगृह उशिरा मिळाले, अनेकांना मिळालेच नाही. गावचे हौशी मंडळ दर वर्षी नाटक बसवी. गॅसबत्तीच्या उजेडात पोथीसारखे जपलेले नाटकाचे बाड उघडे आणि पेटीवाला मास्तर पोरांकडून पदे घोटून घेई. तिथे पुरुषच स्त्रीभूमिका करीत. पुढे बाहेरून स्त्री-कलावंत बोलावल्या जाऊ लागल्या, मग नायक बोलावला जाऊ लागला, मग संपूर्ण संच. हौशी मंडळाच्या जागी पगारी कंपनी आली ती अशी, एकेक पात्र करीत. या बदलात गावाने दोन गोष्टी सोडल्या नाहीत. एक, नाटकात गाणे हवे. दोन, ते समोर वाजवलेले हवे.

म्हणून आजही झाडीपट्टीचे नाटक सामाजिक असो, कौटुंबिक असो की सुडाचे, त्यात गाणी असतात आणि ती पात्र स्वतः गाते. वादक रंगमंचाच्या पायाशी, प्रेक्षकांच्या अगदी पुढ्यात बसतात. पेटी किंवा ऑर्गन, तबला-ढोलक आणि गेल्या काही दशकांत आलेला ऑक्टोपॅड व कीबोर्ड. रोलँड या जपानी कंपनीने १९८५ मध्ये आठ चौकटींचे ऑक्टोपॅड हे वाद्य बाजारात आणले. हिंदी ऑर्केस्ट्रांनी ते उचलले आणि तिथून ते वडशाला आले. जुन्या जाणत्यांनी नाके मुरडली. पण ज्या पोरांनी ते हाती घेतले त्यांनी एक काम केले जे तबल्याने होत नव्हते. विजेचा कडकडाट, बंदुकीचा बार, खलनायकाच्या पावलांचा दणका आणि त्याच्या लगोलग गाण्याचा केरवा, हे सारे एका माणसाच्या दोन काड्यांत आले. धंद्याच्या हिशोबाने एका माणसाच्या पैशांत तीन माणसांचे काम झाले. कलेच्या हिशोबाने नाटकाची गती बदलली. झाडीपट्टीचे आजचे नाटक ज्या वेगाने चालते तो वेग मला तरी या वाद्यामुळे आलेला वाटतो.

या वादकांचे कौशल्य समजायला कंपनीची कामाची पद्धत ठाऊक हवी. कलावंत रात्रीच्या हिशोबाने पैसे घेतात, ज्याला सगळे ‘नाईट’ म्हणतात. आज या नाटकात, उद्या दुसऱ्या. तालमी थोड्या होतात. हंगाम रंगात आला की त्याही होत नाहीत. विंगेतून प्रॉम्प्टर वाक्ये पुरवतो आणि कसलेला नट ती झेलतो. पण गाणे प्रॉम्प्ट करता येत नाही. ऐनवेळी बदललेल्या गायिकेची पट्टी काळी दोन आहे की पांढरी चार, हे पेटीवाल्याला तिच्या पहिल्या आलापात कळावे लागते. तिने कडवे गाळले तर तबल्याने तिच्यासोबत उडी घ्यायची. विनोदी पात्राने भर घालून प्रवेश लांबवला तर त्याच्या प्रत्येक विनोदामागे ठोका द्यायचा. कोणी वाक्य विसरले तर ती पोकळी सुरांनी भरायची, तीही अशी की चार हजार माणसांपैकी कोणालाच कळू नये. मंडपात मागे गादीवर बसलेल्या आजीपासून पुढच्या खुर्चीवरच्या सरपंचापर्यंत सगळे जागे राहिले पाहिजेत, रात्री दहापासून पहाटेपर्यंत. आवडलेल्या गाण्याला ‘वन्स मोअर’ पडतो, बक्षिसाच्या नोटा येतात, नावे पुकारली जातात. नाही आवडले तर लोक उठून शेकोटीकडे जातात. यापेक्षा कठोर परीक्षक कुठल्या स्पर्धेत बसत नसेल.

इंग्लंडच्या लिव्हरपूलमधली चार-पाच पोरे ऑगस्ट १९६० मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गला गेली, तेव्हा त्यांना कोणी ओळखत नव्हते. तिथल्या क्लबांत त्यांना रात्री तासन् तास वाजवावे लागे, समोर दारू प्यायलेले खलाशी. १९६३ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला आणि बीटल्स हे नाव जगभर पसरले, पण हात तयार झाले ते हॅम्बुर्गच्या रात्रींत, असे त्यांच्यावर लिहिणारे जवळजवळ सगळेच मानतात. झाडीपट्टीचा हंगाम अशाच रात्रींचा आहे. इथे तीन हंगाम वाजवलेला पोरगा कुठल्याही ऑर्केस्ट्रात, भजनी मंडळात, लग्नाच्या कार्यक्रमात उभा राहू शकतो, आणि राहतोच. फरक इतकाच की हॅम्बुर्गनंतर त्या पोरांना लंडनची ध्वनिमुद्रण कंपनी मिळाली. वडशानंतर काय, या प्रश्नाचे उत्तर आपण अजून दिलेले नाही.

पैशाविषयी मोकळेपणाने बोलायला हवे, कारण पैशाच्या बाबतीतच या रंगभूमीने सर्वांत मोठा शोध लावला आहे. मुंबईत नाटकाचा निर्माता जोखीम घेतो, थिएटर भाड्याने घेतो, तिकीट विकतो. झाडीपट्टीत जोखीम गाव घेते. कंपनीला ठरलेली रक्कम द्यायची ती मंडळाने. मंडप, वीज, परवानगी, बंदोबस्त, जेवण सारे मंडळाचे. तिकिटाचे पैसेही मंडळाचे. नाटक भरले तर नफ्यातून देवळाचा कळस होतो, समाजमंदिराचे छप्पर होते, शाळेला खुर्च्या मिळतात. बुडाले तर मंडळातली पोरे आपापसांत वर्गणी काढून तोटा फेडतात आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा वडशाला जातात. अशा शेकडो गावांनी मिळून कंपन्यांना, नटांना आणि वादकांना जगवले आहे. एखादी कंपनी वर आली, तिच्या तारखा दिवाळीआधीच संपल्या, तिच्या पेटीवाल्याचे नाव पोस्टरवर छापले जाऊ लागले, यात तिचे कर्तृत्व आहेच; पण ती वर आली कारण सत्तर-ऐंशी गावांनी आपली धानाची कमाई तिच्यावर लावली.

या यशावर आक्षेप आहेत आणि त्यातले काही मला पटतात. नाटकांची नावे अधिकाधिक भडक होत गेली. कथेशी काडीचा संबंध नसलेले नाच मध्येच घुसवले जातात आणि नर्तकीला प्रेक्षकांतून जे ऐकावे लागते ते ऐकवत नाही. मंडळांनी ठरवले तर हे एका हंगामात थांबेल, कारण कंपनी गावाचे ऐकते. पण एवढ्यावरून संपूर्ण रंगभूमीला बाजारू म्हणून मोडीत काढणे मला मान्य नाही. याच रंगमंचावर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर नाटके झाली, हुंड्यावर झाली, दारूवर झाली, आणि ती पाहायला त्या प्रश्नांत होरपळलेली माणसेच तिकीट काढून आली. नवरगावचे सदानंद बोरकर यांच्यासारख्या लेखक-दिग्दर्शकांनी हा प्रेक्षक विचार पचवतो हे दाखवून दिले. पुरस्कारासाठी केलेल्या आणि दहा प्रयोगांत संपलेल्या नाटकापेक्षा मी अशा नाटकाला अधिक मोलाचे मानतो.

या धंद्यावर दोन मोठे आघात झाले. पहिला मे २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली तेव्हा. पट बंद म्हणजे पटाच्या रात्रीचे नाटकही अडचणीत. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला आणि पट पुन्हा रीतसर भरू लागले. दुसरा आघात २०२० चा. महामारीत मंडप उठले आणि रात्रीच्या नाईटवर जगणाऱ्यांच्या हातात काहीच उरले नाही. नटाला निदान ओळख असते, कोणी ना कोणी विचारपूस करतो. तबलजी शेतमजुरीला गेला, ऑक्टोपॅडवाल्याने वाद्य विकले, अशा कहाण्या या पट्ट्यात घरोघर ऐकू येतात.

मानसन्मान आता येऊ लागले आहेत. गडचिरोली जिल्ह्यातले ज्येष्ठ विनोदी नट डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ५,००० हून अधिक प्रयोग आणि ८०० भूमिका ही त्यांची कमाई. तृशांत इंगळे यांनी ‘झॉलीवूड’ हा चित्रपट केला आणि २०२२ मध्ये तो महाराष्ट्रभर पोहोचला. या दोन्ही गोष्टींनी झाडीपट्टीतल्या माणसाची मान ताठ झाली. मला त्याच्या पुढची पायरी दिसावी असे वाटते. पेटीवाल्या मास्तरांपैकी एखाद्याचा गौरव अजून व्हायचा आहे. त्यांच्या चालींचे ध्वनिमुद्रण व्हायचे आहे. या रंगभूमीसाठी बांधलेल्या स्वतंत्र चाली हजारोंच्या घरात असतील आणि त्यांतल्या बहुतेक कुठेही नोंदवलेल्या नाहीत. मास्तर गेला की चाल जाते.

घाई करायला आणखी एक कारण आहे. काही कंपन्यांनी आता तयार ट्रॅकवर गाणी वाजवायला सुरुवात केली आहे. पेन ड्राइव्हला नाईट द्यावी लागत नाही, तो चुकत नाही, त्याला जेवणही लागत नाही. पण तो गायिकेसाठी थांबत नाही आणि ‘वन्स मोअर’ला दुसऱ्या अंगाने वाजत नाही. ज्या दिवशी गावे वादकसंचाविषयी विचारायचे सोडतील, त्या दिवशी झाडीपट्टीचे नाटक इतर कुठल्याही करमणुकीसारखे होईल आणि मोबाइलशी त्याची लढाई हरलेलीच असेल. आजवर ते टिकले याचे कारण समोरच्या माणसाने समोरच्या माणसासाठी वाजवले हे आहे, असे माझे ठाम मत आहे. नवी पोरे हे ओळखून आहेत. त्यांतली काही आपल्या गाण्यांचे व्हिडिओ मोबाइलवर टाकतात, लाखांदूरच्या चौकातल्या टपरीपासून पुण्यात कामाला गेलेल्या गाववाल्यांपर्यंत ती गाणी पोहोचतात, आणि तोच प्रेक्षक दिवाळीत घरी आल्यावर तिकीट काढतो.

पुढच्या पानांत कंपन्या कशा सुरू झाल्या, कशा फुटल्या आणि कशा सावरल्या हे येईल. हिशोब येतील, भांडणे येतील, हंगामाच्या मध्यात गाडी बंद पडल्यावर बैलगाडीतून पोहोचलेले संच येतील. वाचताना नटांच्या नावांवर थांबाल तसे वादकांच्या नावांवरही थांबा. आणि लाखांदूर, साकोली, अर्जुनी, ब्रह्मपुरी, वडसा या पट्ट्यातल्या वाचकांना एक विनंती. तुमच्या घराच्या माळ्यावर जुने नाटकाचे बाड असेल, आजोबांच्या हातची पदांची वही असेल, पिवळे पडलेले पोस्टर असेल, मोडकी पेटी असेल, तर ती रद्दीत किंवा भंगारात देऊ नका. वहीतले पद कोणत्या चालीवर होते हे ज्याला आठवते त्या घरच्या म्हाताऱ्या माणसाला मोबाइलसमोर बसवा आणि ते पद त्याच्याकडून या हंगामातच गाऊन घ्या.